आकलनाच्या वर्कशीटमुळे मुलाचा हात सुधारेल का?

प्रश्नकर्ती : मुलाच्या तपासणीच्या अहवालात ‘दृश्य आकलन कमी’ असे लिहिले असून चित्रांतील फरक ओळखण्याच्या व लपलेल्या आकृत्या शोधण्याच्या वर्कशीट रोज सोडवून घ्यायला सांगितले आहे. त्या तो चटकन सोडवतो. तरीही चेंडू हातून निसटतो आणि अक्षरे ओळ सोडून भरकटतात. हे चालू ठेवावे की नाही, एवढेच सांगावे. ‘मोठा झाला की जमेल’ हे पुष्कळदा ऐकून झाले आहे.

चौकस : वय, चाचणीचे नाव आणि कोणत्या भागात गुण कमी आहेत, हे कळल्याशिवाय काय सांगणार? डोळे तपासले आहेत का?

अनुभवी पालक : डोळे मिटून हाताची स्थिती ओळखण्याचे व्यायाम सुरू करा. खरी उणीव स्नायू-सांध्यांच्या जाणिवेत असते. आमच्या मुलीला त्यानेच गुण आला.

थेरपिस्ट : लास्लो आणि बेअरस्टो या संशोधकांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली खरी, परंतु पुढील तुलनात्मक अभ्यासांत तिचा वेगळा लाभ सातत्याने दिसला नाही. उलट विल्सन आणि मॅकेन्झी यांनी १९९८ मध्ये हालचालींचा समन्वय कमी असलेल्या मुलांवरील अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा इतर मुलांच्या तुलनेत सर्वांत मोठी तफावत दृश्य-अवकाशीय माहिती हाताळण्यात आढळली, आणि ज्या कामांत हात हलवावाच लागत नाही, त्यांतही ती होती. अर्थात ही गटाची सरासरी आहे.

अनुभवी पालक : मुलीत पडलेला फरक मी स्वतः पाहिला आहे, तो सरासरीने कसा खोडणार?

थेरपिस्ट : फरक खोडत नाही, त्या काळात ती वाढतही होती, इतकेच.



प्रश्नकर्ती : वय सात वर्षे, दृष्टी उत्तम. डोळा-हात समन्वय तपासणाऱ्या बीरी चाचणीत आकृती पाहून काढण्याचे गुण कमी आहेत, नुसती आकृती ओळखण्याचे वयानुरूप आहेत, आणि आखलेल्या मर्यादेत पेन्सिल चालवण्याचे सर्वांत कमी आहेत.

थेरपिस्ट : मग अहवालातील वाक्यच शंकास्पद वाटते. पाहून काढण्यात डोळा आणि हात दोन्ही मिसळलेले असतात; वेगळे काढून पाहता डोळ्याची बाजू ठीक दिसते, आणि वर्कशीट नेमकी तीच घासून घेत आहे. मुलांतील अशा समन्वयाच्या अडचणींविषयीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कलही, जे काम जमवायचे त्याचाच सराव करून घेण्याकडे आहे. मात्र येणारा चेंडू कोठे व केव्हा पोहोचेल याचा अंदाज हेही आकलनच असून कागदावरच्या स्थिर आकृत्यांतून ते मोजले जात नाही. त्यामुळे आकलन सर्वस्वी निर्दोष आहे, असेही मी म्हणणार नाही.

चौकस : चेंडू झेलण्याची, तोल सांभाळण्याची चाचणी झाली आहे का? तिचे गुण अजून तुम्ही लिहिलेले नाहीत.