‘अर्ली म्युझिक’ला मराठीत काय म्हणायचं?

आळशी_मावशी:
मंडळी मदत करा. माझी भाची नेदरलँड्समधल्या हेगच्या रॉयल कॉन्झर्वेटरीत व्हायोला द गांबा (चेलोसारखं, गजाने वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) शिकली आणि आता तिकडेच वाजवत असते, डिसेंबरात पुण्यात आमच्याकडे घरगुती मैफल ठरलीय आणि तिची मराठीत ओळख लिहायचं काम आलंय माझ्या गळ्यात. ‘अर्ली म्युझिकमध्ये स्पेशलायझेशन’ (म्हणजे युरोपातलं काही शतकांपूर्वीचं संगीत, त्या काळच्या पद्धतीने वाजवायचं) इथेच गाडं अडलंय. आई म्हणाली अर्ली म्हणजे सकाळचं ना, मग भूपाळ्या वाजवते का ही? ‘जुनं संगीत’ लिहावं तर लोक लता-तलत ऐकायला येतील आणि ‘प्राचीन’ म्हटलं की थेट सामवेद!

काळी_दोन:
प्राचीन नकोच. शार्ङ्गदेवाने देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो १३व्या शतकात, त्याला आपण मध्ययुगीन म्हणतो. मग फ्रान्सचा गांबावादक मारँ मारे, जो शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी १८ वर्षांचा होता, तो प्राचीन कसा काय? ‘पूर्वकालीन संगीत’ चालेल का?

आळशी_मावशी:
पूर्वकालीन वाचून मला जाऊन-येऊन-खाऊन ही पूर्वकालवाचक अव्ययंच आठवली, शाळेत मार खाल्लाय त्यावरून.

भाषाभटक्या:
माझ्या मते सगळे वयाच्या मागे लागलात तिथेच घोळ आहे. हल्ली बेथोव्हेनसुद्धा त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात आणि तेही लोक याच खात्यात टाकतात, म्हणजे ‘अर्ली’ला नक्की शतक असं काही नाही. मुद्दा आहे परंपरा तुटण्याचा. गांबाचा शेवटचा मोठा वादक आबेल लंडनमध्ये १७८७ ला गेला आणि त्यानंतर ते वाद्य जवळपास अडगळीतच पडलं, पार १९व्या शतकाच्या शेवटी जुनी वाद्यं बनवणाऱ्या-वाजवणाऱ्या डोल्मेचसारख्यांनी बाहेर काढेपर्यंत. आपल्याकडे गुरूच्या समोर बसून शिकतात, यांचे गुरूच मधली शंभर वर्षं गायब! मग काय, क्वान्ट्झचं १७५२ चं बासरीवरचं पुस्तक पोथीसारखं वाचा, म्युझियममधली वाद्यं मोजा, हस्तलिखितं चाळा. आजचा नावाजलेला गांबावादक जोर्दी सावालसुद्धा आधी चेलोवालाच, गांबाकडे नंतर वळला. म्हणून मी म्हणेन ‘खंडित परंपरेचं संगीत’.

आळशी_मावशी:
अर्थ पटला हो, पण खंडित म्हटलं की पुढे वीजपुरवठाच येतो डोळ्यासमोर. गुरुवारची मैफल वाटेल.

काळी_दोन:
😂 बरं मग अशा जुन्या पद्धतीच्या वादनाला ‘ऑथेंटिक’ म्हणतात, त्याला काय करणार? अस्सल?

भाषाभटक्या:
अस्सल अजिबात नको. ८० च्या दशकात रेकॉर्डांवर ऑथेंटिक-ऑथेंटिक छापायचे, मग टारुस्किन नावाच्या संगीत-इतिहासकाराने चांगलीच हजेरी घेतली, की अहो ही तर विसाव्या शतकातली तुमचीच आवड, तिला जुना अंगरखा घातलाय. तेव्हापासून ‘हिस्टॉरिकली इन्फॉर्म्ड’ जास्त चालतं. त्याला ‘ऐतिहासिक’ म्हणालात तर लोक तुतारी आणि फेटे शोधतील. मी ‘साधार वादन’ सुचवतो, म्हणजे कशाचा तरी आधार शोधून वाजवलेलं.

पावा_प्रेमी:
साधार मस्त. रेकॉर्डरचंही बघा की, ते वाद्य आहे हे आपल्याकडे कुणाला पटतच नाही, लोक विचारतात कॅसेट कुठे घालायची. खरं तर सरळ धरून फुंकायचं, तोंडाशी खाच, आपलं अलगूजच ते! डोल्मेचच्या घरच्यांची जुन्या रेकॉर्डरची पिशवी १९१९ मध्ये वॉटर्लू स्टेशनवर राहून गेली, म्हणून त्याने स्वतःच नवीन बनवायला घेतला आणि तिथून तो घरोघरी पोचला असं सांगतात. विसरभोळेपणाचाही कधीकधी फायदा होतो.

आळशी_मावशी:
अलगूज घेतला! साधारसुद्धा. आता अजून एक, ती म्हणते मी ‘कंटिन्युओ’ वाजवते. साथ लिहू का?

काळी_दोन:
साथच, पण पेटीवाला गाणाऱ्याच्या मागोमाग जातो तशी नाही. खालची ओळ लिहिलेली, तिच्यावर आकडे, वरचं हार्पसिकॉर्डवाल्याने (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) त्याच क्षणी स्वतःच्या मनाने भरायचं, गांबाने खालची ओळ धरून ठेवायची. आणि पट्टी विचारून घ्या हो तिला! ही मंडळी बरेचदा ए हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला, साधारण अर्धा सूर खाली लावतात, म्हणजे तिचा सी आपल्या पेटीवर पांढरी सातला येणार. कुणी हौसेने पेटी घेऊन बसलं तर पंचाईत.

आळशी_मावशी:
विचारलं, ४१५ च. काल व्हिडिओ कॉलवर पडदे बांधत होती. हो, पडदेच, सतारीसारखे सरकणारे, फक्त तातीचे. दांडीभोवती तात आवळली, गाठ मारली, वरची टोकं कापली आणि उरलेली टोकं जळत्या काडीने चुर्र करून टाकली म्हणजे गाठ सुटत नाही. आई शेजारीच होती, म्हणे उदबत्ती घे ना, काडीने हात भाजेल. नोकरीचंही आईने विचारलंच. कायम अशी नाहीये, दर प्रोजेक्टला नवीन मंडळी जमतात, तीन-चार दिवस तालमी, मग पाच-सहा गावं आणि पुन्हा रिकामं, मध्ये शिकवण्या. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे तमाशाच्या फडासारखं. भाचीला ते फारच आवडलं, ओळखीत घाल म्हणते.

बरं, शेवटचं: ती गांबा की तो गांबा? मूळ शब्दाचा अर्थ पाय, दोन पायांत धरतात म्हणून, त्यामुळे मी ‘तो’ लिहिलंय.

भाषाभटक्या:
इटालियनमध्ये पायसुद्धा ‘ती’च आहे! आणि आपल्या सतार, सारंगी, वीणा सगळ्या ‘ती’. बदला.