धडधडीकडे लक्ष द्यायचं की दुर्लक्ष करायचं?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. पाच महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये बसले असताना एकदम छातीत धडधड सुरू झाली, हात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण जातोय असंच वाटलं. इमर्जन्सीत नेलं, ईसीजी नॉर्मल, नंतर इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं झालं, सगळं नीट. पॅनिक अटॅक होता म्हणाले. पण तेव्हापासून माझं लक्ष छातीवरून हलतच नाही हो. रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीत ठोके ऐकू येतात, मग मी मानेवर दोन बोटं ठेवून मोजते, मग मनगटावरच्या घड्याळात बघते तर ९२, पाच मिनिटांनी परत बघते तर १०१, आणि तो आकडा बघूनच धडधड आणखी वाढते. जिने चढणं बंद केलंय, कारण वर पोचल्यावर जे होतं ते अगदी त्या दिवसासारखंच वाटतं.

आता गोंधळ असा की काउन्सेलरनी बॉडी स्कॅन करायला सांगितलंय, पायापासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे सावकाश लक्ष न्यायचं. छातीपाशी आले की दरदरून घाम फुटतो. नवरा म्हणतो, लक्षच देऊ नकोस, कशात तरी मन रमव. एकजण म्हणतो बघ, एकजण म्हणतो बघू नको. शरीराचं ऐका, मन शांत होईल असं जिथेतिथे वाचते, मी तर दिवसभर दुसरं काही करतच नाही, मग मला बरं का वाटत नाही?

पाऊलवाट:
ताई, आधी तपासण्या करून घेतल्यात हे फार चांगलं केलंत. बाकी वाचणाऱ्यांनाही सांगतो, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग हा धागा.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो म्हणून जरा लांबण लावतोय. आतल्या अवयवांकडून मेंदूला जी खबर जाते, ठोके, श्वास, भूक, लघवीची जाणीव, पोटातली कालवाकालव, त्या सगळ्याला मिळून इंटरोसेप्शन म्हणतात. ही कल्पना शास्त्रात रुळवली ती चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये. यातली बरीच खबर व्हेगस नावाच्या नर्व्हमधून जाते, तिचे जवळपास ८० टक्के तंतू हुकूम खाली नेण्याचं नाही, खालची बातमी वर नेण्याचं काम करतात. मेंदूत इन्सुला नावाचा भाग आहे, बाजूच्या घडीत आत दडलेला, तिथे या बातम्या एकत्र येतात आणि भावनांशी जोडल्या जातात. २००४ मध्ये ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये लोकांना स्वतःचे ठोके ओळखायला लावले तेव्हा ज्यांना ते नीट ओळखता येत होते त्यांच्या उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग जास्त काम करताना दिसला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. साराह गार्फिंकेल, क्रिचली वगैरे मंडळींनी २०१५ मध्ये यात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. ठोके खरंच किती अचूक कळतात ही एक. आपल्याला शरीराचं फार कळतं असं आपल्याला किती वाटतं ही दुसरी. आणि आपला अंदाज कधी बरोबर असतो नि कधी चुकतो याचं भान ही तिसरी. या तिन्ही एकमेकींच्या बरोबरीने चालतातच असं नाही. म्हणजे दिवसभर छातीकडे कान लावून बसलेल्या माणसाला छातीतलं बरोबर कळत असेलच असं नाही, त्याला फक्त मोठ्यांदा ऐकू येत असतं. (हे मोजणंही अवघड आहे बरं का. नाडीला हात न लावता ठोके मोजा अशी जी जुनी चाचणी आहे, शँड्री यांची १९८१ ची, त्यात आपला पल्स साधारण किती असतो हे माहीत असलेला माणूस नुसता अंदाज सांगूनही पास होतो.)

पॅनिकचं चक्र डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं ते तुम्ही उशीच्या उदाहरणात स्वतःच लिहिलंय. संवेदना आली, तिचा अर्थ 'काहीतरी भयंकर होतंय' असा लावला, भीतीने ठोके वाढले, वाढलेले ठोके म्हणजे आणखी पुरावा. मुंग्यांचंही तसंच, घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात म्हणून डोकं हलकं होतं. धोका नसतो, पण माणूस पार हादरतो.

तुम्ही ऐकताय ते पहारेकऱ्यासारखं, चोर येणारच हे धरून. काउन्सेलरना अपेक्षित असलेलं बघणं वेगळं आहे. पण ते त्यांना जाऊन सांगा, छातीपाशी घाम फुटतो हे त्यांना माहीत असायलाच हवं.

अर्धविराम:
माझी तऱ्हा निळीशाईच्या अगदी उलट, म्हणून लिहावंसं वाटलं. मला काही कळायचंच नाही. तुला कसं वाटतंय विचारलं की मी म्हणायचे ठीक. डिप्रेशनच्या उपचारात थेरपिस्टनी विचारलं, राग येतो तेव्हा शरीरात कुठे काय होतं, मी दहा मिनिटं गप्प बसले, खरंच माहीत नव्हतं. आपल्या भावना ओळखता न येणं, त्यांना शब्द न सापडणं याला अलेक्सिथायमिया म्हणतात हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. एका संध्याकाळी मुलावर एवढी ओरडले की तो दाराआड जाऊन उभा राहिला, आणि तासाभराने जेवताना लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि खांदे दिवसभर कानापाशी चढवलेले होते. भूक होती ती, मी तिला राग समजले. अजूनही तो दाराआडचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही.

मला जे उपयोगी पडलं ते आपल्या बोलण्यातच होतं. पोटात गोळा आला, छातीत धस्स झालं, घसा दाटून आला, हातपाय गळाले, तळपायाची आग मस्तकात गेली. आपण भावना शरीराच्या जागेनेच सांगतो ना! थेरपिस्टनी सांगितलं, दिवसातून तीनदा थांबायचं आणि यातलं आत्ता काय चालू आहे एवढंच वहीत लिहायचं, चांगलं वाईट नाही लिहायचं. पहिले दोन आठवडे वही जवळपास कोरी. मग एक दिवस लिहिलं, जबडा घट्ट. तेव्हा रडू आलं मला.

म्हणून शरीराचं ऐका हा सल्ला मला लागू पडला, तसाच्या तसा निळीशाईला नाही पडणार.

सावकाश:
+१ अर्धविराम. निळीशाई, मी तुझ्याच वाटेने गेलोय, दोन वर्षं जिना टाळला. मला बरं केलं ते इंटरोसेप्टिव्ह एक्स्पोजरने, सीबीटीचाच (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीचाच) भाग आहे. ज्या संवेदनांची भीती वाटते त्या मुद्दाम, थोड्या वेळासाठी, स्वतः निर्माण करायच्या. जागच्या जागी एक मिनिट धावणं, फिरत्या खुर्चीत गोल फिरणं, नाक दाबून स्ट्रॉमधून श्वास घेणं. मग नाडी न धरता, पाणी न पिता, कुणाला फोन न करता तसंच बसायचं आणि आपोआप ओसरू द्यायचं. पहिल्यांदा स्ट्रॉ तोंडात धरली तेव्हा वीस सेकंदांत काढून फेकली, थेरपिस्ट शांत बसून होती, म्हणाली काय झालं ते सांग, छान नाही वाईट नाही, नुसतं सांग. मी म्हणालो घशाशी आवळल्यासारखं, कानात ठोके, गाल गरम. एवढंच? म्हणाली. एवढंच होतं खरं. महिन्याभरात तीच धडधड नुसती धडधड वाटायला लागली.

दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, आणि सुरुवात एकट्याने करू नकोस. बॉडी स्कॅनमध्ये छाती सध्या वगळायला सांग काउन्सेलरना, तळपाय, तळहात, खुर्चीला टेकलेली पाठ इथून सुरू कर. ज्यांच्यावर आघात झालेत अशा लोकांनाही कधीकधी डोळे मिटून आत बघणं सोसत नाही, तेव्हा डोळे उघडे ठेवून आधी बाहेरचे आवाज ऐकायचे. आणि ते घड्याळ रात्री काढून ठेव, प्लीज. मी माझं सहा महिने कपाटात ठेवलं होतं.

निळीशाई:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, पाऊलवाट दादा, पहारेकरी वाचून मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. अर्धविराम, तुझी वही आजपासून मीही करतेय. काउन्सेलरशी बोलले, त्यांनी छाती वगळायला लगेच हो म्हटलं आणि त्या एक्स्पोजरसाठी त्यांच्या ओळखीच्या सायकॉलॉजिस्टकडे पाठवतायत. आज संध्याकाळी घड्याळ घरी ठेवून एक मजला चढले. वर कठड्याला धरून उभी राहिले, ठोके कानात, मांड्या गरम, बोट मानेकडे गेलं होतं ते खाली घेतलं. किती वेळ लागला माहीत नाही, पण थांबलं. सावकाश, ती स्ट्रॉ साधी की बारीक?

सावकाश:
बारीक. पण पहिली वेळ त्यांच्यासमोरच.