गेममधला मित्र दुसऱ्या ॲपवर बोलावतोय, लेकीशी कसं बोलू?

सातवीची_आई
लेक सातवीत आहे, स्वतःचा फोन नाही, माझ्याच टॅबवर ऑनलाईन गेम खेळते. काल टॅब चार्जिंगला लावताना चॅट उघडाच दिसला. कोणीतरी लिहिलंय, "इथे अर्धे मेसेज कट होतात, स्नॅपचॅटवर ये ना, घरी नको सांगूस, उगाच लेक्चर देतील." हिने उत्तर दिलंय "नंतर येते". वय १३ सांगतो, फोटोच्या जागी कार्टून. तसं घाणेरडं काही बोललेला नाही, उलट गेममध्ये तिला खूप मदत करतो. नवरा म्हणतो टॅब काढून घे, विषय संपला. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाहीये. काय करू?

रात्रपाळी
घाणेरडं काही नाही म्हणून गाफील राहू नका ताई, सुरुवात अशीच गोड असते. खरा १३ वर्षांचा पोरगाही असू शकतो, पण "घरी सांगू नको" आलं ना की मी तरी संशयाचा फायदा देणार नाही. आणि दुसऱ्या ॲपवर का बोलावतात? बऱ्याच गेमच्या चॅटला फिल्टर असतो, फोन नंबर वगैरे गाळला जातो. स्नॅपचॅटवर मेसेज बघून झाल्यावर सहसा आपोआप उडतो, म्हणजे नंतर दाखवायला हातात काहीच नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, त्याचं युजरनेम त्यात दिसलं पाहिजे, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका आणि मुलगी बनून त्याच्याशी बोलायला तर अजिबात जाऊ नका, ते सिनेमात ठीक आहे.

स्पष्ट_बोलतो
मिस्टर बरोबर बोलतायत. सातवीच्या पोरीला चॅट हवाच कशाला? टॅब बंद, डोक्याला ताप नाही.

खडू_फळा
@स्पष्ट_बोलतो टॅब बंद केला की मैत्रिणीच्या फोनवर लॉगिन होतं, शाळेत रोज बघते मी. खरी भीती वेगळीच आहे. उद्या कोणी फोटोवरून धमकवायला लागलं तर पोरगी घरी सांगेल का? नाही सांगणार, कारण सांगितलं की टॅब जातो हे ती आजच शिकलेली असेल. धमकावणारे नेमके याच भीतीवर जगतात, "आईला पाठवू का?" एवढं एक वाक्य पुरतं त्यांना.

ताई, समोर बसवून चौकशी केल्यासारखं नको. काम करता करता विचारा, तो गेममधला कोण गं, काय काय बोलता तुम्ही? आणि स्पष्ट शब्द द्या की तू सांगितलंस म्हणून टॅब जाणार नाही. मग तो शब्द पाळा सुद्धा. मुलांना अनोळखी माणूस म्हटलं की रस्त्यावरचा माणूस डोळ्यासमोर येतो, ज्याच्याशी रोज खेळतो तो त्यांच्या लेखी मित्रच असतो.

अजून एक, अकाउंटवर जन्मसाल काय टाकलंय ते बघा. बहुतेक सोशल मीडियावर किमान वय १३ आहे म्हणून पोरं सर्रास खोटं साल टाकतात. इन्स्टाग्रामने २०२४ पासून १८ खालच्यांची अकाउंट आपोआप प्रायव्हेट ठेवायला सुरुवात केली, १६ खालच्यांना ते सेटिंग बदलायला पालकांची परवानगी लागते. पण साल मोठ्या माणसाचं असेल तर सहसा यातलं काही लागू होत नाही.

सातवीची_आई
बोलले आज. आधी गप्पच, मग म्हणाली तो शाळेचं नाव विचारत होता, हिने सांगितलं नाही पण युनिफॉर्ममधला फोटो पाठवला 😣 शर्टावर बॅज स्पष्ट दिसतोय. स्क्रीनशॉट काढून दोघींनी मिळून रिपोर्ट आणि ब्लॉक केलं. आता फॅमिली लिंक (गूगलचं पालकांसाठीचं ॲप) टाकू का?

रात्रपाळी
टाका, पण ते मुख्यतः नवीन ॲप टाकायची परवानगी आणि वेळेची मर्यादा यासाठी, चॅटमध्ये काय चाललंय ते त्यात दिसत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅट फक्त फ्रेंड्सपुरता करा आणि ती फ्रेंड लिस्ट तिच्यासोबत बसून चाळा. व्हॉट्सॲप वापरत असेल तर प्रायव्हसीमध्ये ग्रुप्सला "माय कॉन्टॅक्ट्स" करून टाका, नाहीतर कोणीही कुठल्याही ग्रुपमध्ये ओढतो.

खडू_फळा
बॅज दिसतोय म्हणजे शाळा कळली असं धरून चाला, वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. तो दुसऱ्या नावाने परत येईल हे लेकीला आत्ताच सांगून ठेवा, नवीन कोणी लगेच जास्तच गोड बोलायला लागला तर तुम्हाला दाखवायचं. आणि हे तुमच्या केसमध्ये नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: १८ खालच्या मुलाचा नको तसा फोटो कोणाच्या हातात गेला असेल तर "टेक इट डाऊन" नावाची फुकट सेवा आहे. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या साईट्स तो कोड जुळवून फोटो काढतात. धमकी देणाऱ्याला पैसे मात्र देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

स्पष्ट_बोलतो
फ्रेंड लिस्टचं आमच्याकडे आत्ताच करून बघितलं. अर्धी नावं पोराला स्वतःलाच ओळखता येईनात. बसलोय दोघं काढत.