मदत हवी आहे: पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया खरंच एवढा भारी आहे की आपण उगाच डोक्यावर घेतलाय? (मुलांच्या शिबिरासाठी ठरवायचंय)

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं शिबिर असतं, यंदा आठवी-नववीच्या पोरांना 'गेम कसा बनतो' हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय. एकच गेम घ्यायचा, आधी खेळू द्यायचा, मग तो आतून उलगडून दाखवायचा असं ठरवलंय, आणि माझं मत १९८९च्या प्रिन्स ऑफ पर्शियाला आहे, तो पहिला, टूडी वाला. पण शिबिराचं सगळं बघणाऱ्या ताई म्हणतात की हे तुमच्या वयाच्या लोकांचं प्रेम आहे, पोरं पाच मिनिटांत कंटाळतील. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी हा गेम शाळेच्या नाहीतर क्लासच्या डॉसवाल्या (विंडोजच्या आधीच्या) कॉम्प्युटरवर खेळला आणि तिथे डेव्ह (डेंजरस डेव्ह हा गेम) आणि प्रिन्स सोडून फारसं काही नसायचंच, मग आवडणार नाही तर काय. म्हणून जुन्या आठवणी बाजूला ठेवून आत्ता परत नीट खेळलो आणि काय वाटलं ते लिहितोय, कुठे चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

सगळे याचं कौतुक ॲनिमेशनसाठी करतात. ते खरंच आहे, गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला, लटकायला लावून व्हिडिओ शूट केला आणि त्यातली एकेक फ्रेम ट्रेस करून प्रिन्स बनवला, तलवारबाजी १९३८च्या एका इंग्रजी सिनेमातल्या सीनवरून उचलली. पण नुसतं दिसायला छान एवढंच असतं तर आज त्याचं काही अप्रूप राहिलं नसतं. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे की त्या प्रिन्सला वजन आहे. पळताना बटण सोडलं तरी तो जागच्या जागी थांबत नाही, पुढे घसरतो, वळायलाही वेळ घेतो, म्हणून खड्ड्याच्या कडेला आलं की आपण आपोआप शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायला लागतो, आणि पुढे ते लोखंडी दात कचाकच उघडमिट करत असतात तेव्हा नेमकं कधी घुसायचं याचा अंदाज घेत श्वास रोखून उभे राहतो. आजच्या पोराला पहिल्या मिनिटाला हे लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) वाटणार हे मला माहितीये. तो लॅग नाही, त्या गेमचा जीवच तिथे आहे, हे त्याला सांगून पटेल की खेळूनच कळेल, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट म्हणजे सावली, म्हणजे गेममधला प्रिन्ससारखाच दिसणारा काळसर माणूस, जिच्यासाठी मी हा गेम सोडायला तयार नाही. मेमरी इतकी भरली होती की नवीन कॅरेक्टरची चित्रं टाकायला जागाच नव्हती, मग मेकनरने प्रिन्सचंच चित्र एका बिटने (अगदी किंचित) सरकवून स्वतःवरच एक्सऑर केलं, म्हणजे दोन्ही चित्रांत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले, आणि त्यातून तो झगमगणारा काळसर माणूस निघाला. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की तो पलीकडून बाहेर पडतो आणि तुमचा जीव एका ठिपक्यावर येतो. पाचव्याला तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकतो, सहाव्याला तोंडावर गेट पाडतो. बाराव्याला समोर तलवार घेऊन उभा, त्याला मारलं की तुमचाच जीव कमी होतो, मारूनच टाकलं तर तुम्हीही मेलात. करायचं काय, तर तलवार म्यान करायची आणि सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं. एक शब्दही न बोलता गेम हे तुमच्याकडून करून घेतो! जागा नाही म्हणून केलेली जुगाड आणि त्यातून उभी राहिलेली अख्खी गोष्ट, मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडत नाहीये.

आता जे पटत नाही तेही लिहितो. गेम संपवायला एका तासाची मुदत ऐकायला थरारक आहे पण मेलात की लेव्हल पहिल्यापासून आणि घड्याळ मात्र पुढेच, त्यामुळे नवीन खेळणारा शिकतो तेवढ्यातच वेळ संपवून बसतो. सातव्यापासून अकराव्यापर्यंतच्या लेव्हल मला बऱ्यापैकी सारख्या वाटल्या, बटण शोधा, गेट बंद व्हायच्या आत पळा, परत बटण शोधा. मध्ये तो उंदीर येऊन गेट उघडून देतो तेवढंच नवीन. सैनिकांशी लढाईसुद्धा एकदा अडवून मारायचं जमलं की पुढे तेच ते. म्हणजे नाव झालंय ते योग्यच आहे पण पूर्ण गेमसाठी नाही, सुरुवातीच्या सहा आणि शेवटच्या लेव्हलसाठी, असं माझं मत बनलंय. पूर्ण खेळलेल्यांनी, विशेषतः मधल्या लेव्हल आवडतात त्यांनी, का आवडतात ते सांगाच.

तर मदत अशी हवीये. कुणी हा गेम आजच्या बारा-चौदा वर्षांच्या, आधी कधीच न पाहिलेल्या मुलाला खेळायला दिलाय का, काय झालं, किती वेळ टिकला? लॅपटॉप जुने आहेत, डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम) चालवू की एसडीएलपॉप (याच गेमची आजच्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती) घेऊ? एसडीएलपॉपमध्ये क्विकसेव्ह (हवं तिथे गेम साठवून परत तिथूनच सुरू करणं) आहे, ते चालू ठेवलं तर पोरं पुढे जातील पण मरायची भीती गेली तर त्या दातांसमोर कोण थांबणार, म्हणून अडलोय. डेव्हिडचा पळण्याचा व्हिडिओ आधी दाखवावा की खेळून झाल्यावर? मला नंतर बरं वाटतं.

आणि एक, मेकनरच्या वडिलांना कपाटात सापडलेल्या फ्लॉपींमधून ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला मूळ सोर्स कोड २०१२ साली बाहेर काढून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकलाय, त्यातलं सावलीचं पान मुलांसमोर उघडायचं आहे. ६५०२ असेंब्ली (ॲपल टू च्या प्रोसेसरची भाषा, ज्यात हा कोड आहे) येणारं कुणी नाशिकमध्ये असेल, सिडको, नाशिकरोड, पंचवटी कुठेही, तर मे महिन्यातली एक सकाळ द्याल का? गाडीने आणायची-सोडायची सोय मी करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.