खदानीजवळच्या विहिरीचं पाणी तपासताना गावातलं कोणी हजर का नसते?

कापूसवाला, वणी तालुका
आमचं वावर कोळसा खदानीच्या माती-दगडाच्या ढिगाऱ्याला लागूनच आहे. आधी आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत शिजायची, आता पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा टचटच लागते अन् भांड्याला आतून पांढरी खपली धरते. मागच्या मे महिन्यात पाण्याचा नमुना घ्यायला गाडी आली, मी नेमका तिथंच होतो. माणूस उतरला, पंचायतीजवळच्या हापशीला दोन दांडे मारले, बाटली भरली, झाकण लावलं अन् गेला. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी तीन विहिरी आहेत, तिकडं पाहिलंही नाही. हापशीच्या पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी आधी उपसून फेकावं लागते, मग नमुना घ्यायचा असते ना! माझं म्हणणं एवढंच की विहिरी ग्रामसभेत ठरवा, नमुना घेताना गावातली दोन माणसं हजर ठेवा अन् रिपोर्ट मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लावा.

खदानीतला माणूस
भाऊ, मी तिथंच नोकरीला आहे म्हणून सांगतो, तपासणी होतच नाही असं चित्र उभं करू नका. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी वर्षातून चारदा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अन् जानेवारीत पहायचं हे पर्यावरण मंजुरीच्या अटीतच सहसा लिहिलेलं असते, अन् सहामाही अहवाल १ जून अन् १ डिसेंबरला द्यावा लागते. बाहेर सोडायच्या पाण्यात गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, तेल-ग्रीस १० च्या वर नको. डाळीचं म्हणाल तर आपल्या पट्ट्यात जमिनीतच पाणी जड करणारी चुनखडी आहे, म्हणून तर कोरपना-राजुऱ्याकडं सिमेंट कारखाने उभे राहिले. फ्लोराइड तर खदान नसलेल्या गावातही निघते. सगळं खदानीच्या माथी कसं मारता?

केमिस्ट्रीवाली ताई, चंद्रपूर
चुनखडीचं बरोबर आहे दादा, पण तीच चुनखडी खरी गोष्ट झाकते. कोळशात अन् ढिगाऱ्यातल्या दगडात पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं खनिज असते, त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होते, चुनखडी ते आम्ल मारून टाकते, मग पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, सात-साडेसात येतो अन् सगळे म्हणतात पाणी मस्त आहे. पण त्या आम्लातलं सल्फेट पाण्यातच राहते अन् जडपणा वाढतो. म्हणून पीएचवर समाधान मानू नका, सल्फेट विचारा. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर ४००. जलजीवन मिशनच्या गावातल्या पाणी तपासायच्या किटमध्ये सल्फेट सहसा नसते, त्यासाठी सरकारच्या भूजल सर्वेक्षण खात्याच्या जिल्हा लॅबमध्येच पाणी पाठवा. अन् एक नमुना पहिल्या दमदार पावसानंतर नाल्यातूनही घ्या, ढिगाऱ्यावरचं सगळं तेव्हाच धुऊन उतरते. लोहासाठी बाटली वेगळी ठेवा, तिच्यात नायट्रिक अॅसिडचे थेंब टाकतात, नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी बसते अन् रिपोर्टात कमी दिसते.

घुग्गुसचा पोट्टा
फळ्यावर नका लावू बाप्पा. बाजूच्या गावात पाणी पिण्यालायक नाही म्हणून हापशीला लाल रंग मारला, तेव्हापासून सोयरीक पहायला आलेले पाहुणे पहिले पाण्याचंच विचारतात. अन् दुसरं पाणी आलं का? नाही. बायका त्याच लाल हापशीवर गुंड-घागरी घेऊन उभ्या असतात. पहिले चांगल्या पाण्याची सोय करा, मग फळा रंगवा.

कापूसवाला, वणी तालुका
अरे, सोय माग म्हणतो तर कागद पाहिजे ना हातात! तहसीलात गेलो की पहिला प्रश्न, रिपोर्ट कुठंय? माझी सून पहिल्या खेपेची गरोदर आहे, आता तिला कोणत्या विहिरीचं पाणी द्यायचं हे मला आजच माहीत पाहिजे, पाहुणे काय म्हणतील ते नंतर पाहू.

खदानीतला माणूस
सूनबाईचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण एक लक्षात घ्या, विहिरी दरवेळी त्याच पाहिजेत. यंदा ही, पुढच्या वर्षी ती, असं ग्रामसभेनं केलं तर आकड्यांची तुलनाच होणार नाही.

कापूसवाला, वणी तालुका
हे मान्य. ढिगाऱ्याखालच्या त्या तीन विहिरी कायमच्या धरा, अन् खदानीपासून दूर, चढावरच्या एखाद्या गावातली चौथी. चुनखडीनं होते की खदानीनं, हे त्या चौथीवरून समजेल. ती विहीर तुम्हीच निवडा.

खदानीतला माणूस
चौथ्या विहिरीचं मी साहेबांजवळ काढतो. गावातली माणसं उभी राहायला माझी हरकत नाही, पण बाटली लॅबचाच माणूस भरेल.

केमिस्ट्रीवाली ताई, चंद्रपूर
भरू द्या त्याला. तुम्ही फक्त बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, अन् झाकण लावल्यावर बर्फाच्या डब्यात जाते का ते पहा.