एक दिवस भातलावणीला गेलेल्यांनो, खरं खरं लिहा

आर्द्रा लागली की ग्रुपवर चिखलाने माखलेल्या पोरांचे फोटो येऊ लागतात. एनएसएसवाले (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतले), ट्रेकवाले, मुंबईहून खास बस करून आलेले. फोटोच्या पलीकडे काय झालं ते इथे लिहूया. ज्यांच्या शेतात ही पलटण उतरली त्यांनीही लिहावं, संकोच करू नये.

सुरुवात माझ्यापासून. सेकंड इयर, संगमेश्वरजवळची वाडी, आम्ही अठराजण. काकांनी सांगितलं होतं, एका चुडात, म्हणजे एका जागी रोवायच्या झुबक्यात, रोपाच्या दोन-तीनच काड्या. तासाभराने पाठ मोडायला लागली तशी आमच्यात स्पर्धा लागली, कुणाची मूठ (रोपांची जुडी) आधी संपते. मग सहा-सहा, सात-सात काड्या एकदम रोवल्या. बारा वाजता तरवा (लावायची रोपं) संपला आणि निम्मं भातखाचर तसंच उघडं! काकांनी तरवा त्या खाचरापुरताच टाकला होता. ते ओरडले नाहीत. इरलं उचललं आणि खालच्या आळीत कुणाकडे तरवा उरलाय का बघायला गेले. काकू म्हणाल्या, "जेवून घ्या रे, भात निवतंय." तो घास उतरत नव्हता.

चाकरमान्याची लेक : आमचा दिवस मे महिन्यातला, देवगडकडच्या बागेत. हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) मिळाला की प्रत्येकाला आपण फार मोठे बागायतदार वाटतो. आंबा डेखासकट (देठासकट) उतरवायचा असतो. डेख मुळापासून तुटलं की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. मी उतरवलेल्या पहिल्या क्रेटमधले निम्मे आंबे बागेतल्या नेपाळी दादाने गुपचूप वेगळे काढले. ते कॅनिंगला गेले. हातावर चीक उडून उठलेले फोड मात्र आठवडाभर माझ्याकडे राहिले.

खरं बोलणारा : एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात. आम्ही डायरीत आठ लिहिले, काम तीन तास. बाकी वेळ बस, नाश्ता, बॅनर धरून फोटो. बस्स.

दापोलीचा कृषीवाला : आम्ही भातलावणीची चारसूत्री पद्धत शिकवायला गेलो होतो. १५ आणि २५ सेंटीमीटरवर आळीपाळीने खुणा केलेली दोरी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची गोळी खोचायची. आजी बांधावर बसून बघत होत्या. "दोरी धरायला दोन माणसं, लावायला दोन. मग ढोरांकडे कोण बघणार?" उत्तर नव्हतं. पद्धत चांगली आहे, पण घरात माणसंच दोन असतील तर आजींचा हिशोब खरा.

कुडाळची वयनी : तुम्ही संकोच नको म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे पंचवीस मुलं आली होती. आदल्या रात्री कुळथाची पिठी, सुकट, सोलकढी, पहाटे चार वाजता उकडा भात चुलीवर. मुलं गोड होती, आई-आई करत होती. पण लावताना पुढे पुढे जायची. सासूबाई बांधावरून ओरडत होत्या, "अगो, मागे मागे सरक, फुडे खय जातस?" आपण लावलेलंच तुडवत होती हो! दुसऱ्या दिवशी दोन कुणगे (शेताचे तुकडे) आम्ही दोघींनी परत नीट केले. मुलं नकोत असं मी म्हणत नाही. आठ पाठवा, पंचवीस नको. आणि लावणीला नको, कापणीला पाठवा. वर ढग आलेले असतात आणि भारे खळ्यावर आणायला माणूस मिळत नाही. तेव्हा मात्र बॅनरवालं कुणी फिरकत नाही.

आठव्या दिवशीचा ताप : एक उपयोगाचं. माझ्या पायाला कातळावर खरचटलं होतं, तसाच चिखलात उतरलो. आठव्या दिवशी ताप, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना उतरवेना. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. उंदरांचं मूत पाण्यात मिसळतं, जखमेतून शिरतं. सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका घरोघरी गोळ्या देतात, पण आम्ही एका दिवसाचे पाहुणे, आम्हाला कोण देणार? जखम असेल तर बांधावर बसा, मुठी बांधा. चिखलात उतरलात आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना 'शेतात गेलो होतो' हे आधी सांगा. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं.

कुडाळची वयनी : बाबा रे! आमच्याकडे आलेल्यांना हे विचारायचं सुचलंच नव्हतं. पुढच्या खेपेला आधी पाय बघेन.

खरं बोलणारा : धागाकर्ते, काकांना तरवा मिळाला का मग?

धागाकर्ता : मिळाला, पण गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताचा. काकांचा स्वतःचा हळवा, लवकर पिकणारा. दसऱ्याच्या सुमारास आम्ही तिघं परत गेलो, तेव्हा एकाच खाचरात अर्धं भात पिवळं होऊन लवलेलं आणि अर्धं हिरवंगार उभं. मधली रेघ अगदी सरळ नव्हती. जिथे ज्याची मूठ संपली होती, तिथे तिथे ती वळली होती. आम्ही पिवळं तेवढं कापलं.