मुंबई-दुबई: दारापासून दारापर्यंत तुम्हाला किती वेळ लागतो?

सरळ रेषेत अंतर साधारण १९३० किमी. तिकिटावर जाताना सव्वातीन तास दिसतात, येताना पावणेतीन-तीन. भाचा पहिल्यांदाच नोकरीला चाललाय, विचारतोय मावशी एकूण किती वेळ धरू, आणि मी तेरा वर्षं ये-जा करतेय तरी एका आकड्यात उत्तर देता येईना, म्हणून तुमचे अनुभव हवेत. माझं डोंबिवली ते अल कुसैस, अकरा तास.

खाडीपट्टा: मी चिपळूणजवळचा. गावातून सहार विमानतळ अडीचशे किमी, रस्ता मोकळा असला तर सहा-सात तास, गणपतीत विचारूच नका. गेल्या वर्षी आई गेली. रात्री ११ ला भावाचा फोन आला, पहाटे ४ चं तिकीट मिळालं, साडेआठला मुंबईत उतरलोसुद्धा आणि मनात म्हटलं पोचलो एकदाचे. घरी पोचायला दुपारचे चार झाले. सगळे माझ्यासाठी थांबले होते. समुद्र ओलांडायला तीन तास आणि पुढे वडखळ, माणगाव, महाड करत साडेसहा तास, ते अजून डोक्यातून जात नाहीत. भाच्याला सांगा, गावाकडचा रस्ता आधी मोज.

बरदुबईवाला: येताना वेळ कमी का लागतो ते लिहितो. उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर फारच जोरात, ते मुंबईकडे येणाऱ्या विमानाला मागून ढकलतात आणि जाताना तेच समोरून. घड्याळाचा घोळ वेगळा, दुबई आपल्या दीड तास मागे. सकाळी १० ला निघालात तर तिथल्या पावणेबाराला उतरता, पण रात्री १० ला दुबईहून निघालात तर मुंबईत अडीच वाजलेले असतात. न्यायला येणाऱ्याला तारीख नीट सांगा, आमच्याकडे काका एक दिवस उशिरा आले होते!

दापोलीची: रमजानमध्ये संध्याकाळची फ्लाइट घेतली होती. विमान सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला चाललेलं, त्यामुळे मावळतच नाही. मुंबईत घरच्यांनी रोजा सोडला असेल तेव्हा माझ्या खिडकीत अजून लख्ख ऊन. तास-सव्वा तास तरी जास्त झाला असेल. शेवटी घोषणा झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी, अजिबात ओळख नसताना, माझ्या हातावर खजूर ठेवला. तो रोजा मी कधीच विसरणार नाही.

शारजा_नाशिक: १६ एप्रिल २०२४, दुबईतला तो विक्रमी पाऊस. मी विमानतळावर २९ तास होतो. तेव्हापासून पाणी, औषधं आणि चार्जर हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या सामानात कधीच नाही.

जुनाखलाशी: वडील १९७६ ला गेले ते 'द्वारका' आगबोटीने, मुंबई बंदरातून कराची, मस्कत करत. आठवडा लागला, डेकवर झोपून. पोचल्याचं पत्र घरी यायला आणखी पंधरा दिवस, तोवर आजी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसायची. मी उतरल्या उतरल्या पट्ट्यावरची बॅगही न घेता घरी फोन लावतो. भाच्यालाही तेवढं सांगा.